जपानी मेळ्यातली शेवंती

रविवार, ऑक्टोबर. पार्सिपनी

जपानी फेस्टिव्हलमध्ये आईने प्रदर्शनात मांडलेल्या कुंडीतली एक शेवंती खुडली. देवासाठी. नागपूरची सवय, फूल दिसलं की हात जातोच. वॉलंटियर बाई हसून 'इट्स ओके' म्हणाली. माझ्या नवऱ्याने, निखिलने मात्र सगळ्यांसमोर आईचं मनगट पिरगाळलं, फूल खाली पडेपर्यंत. बांगडी फुटून रक्त आलं. सासूचं मनगट! त्याचा हात मोडावा असं वाटलं मला. आणि केलं काय? पडलेलं फूल उचललं! वसंतात चेरीखाली, उन्हाळ्यात कंदिलांखाली, दर फेस्टिव्हलला हसून फोटो काढणारी मी.

घरी मनगटाला पट्टी बांधताना आई म्हणाली, "जुलैच्या फोटोतसुद्धा तू लांब बाह्या का घालतेस, ते आज कळलं."

मी बाही वर केली.