थोरलीचा डोळा

प्रिय तात्या,

तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच लिहितेय. उद्या सकाळी थोरलीला मुळासकट उपटायचं आहे आणि मला फार भीती वाटतेय.

तुम्ही लावलेली ही पहिली मोसंबी. माझ्याआधी घरात आली म्हणून ती थोरली आणि मी, तुमची एकुलती एक लेक, धाकटी! पाव्हण्यांना हे सांगताना किती हसायचात!

पावसाळा सरला आणि तिची पानं पिवळी पडायला लागली. शेजारचे भाऊकाका म्हणाले, "जस्त कमी पडलंय. फवारा मार, लय काळजी करू नको." फवारलं, पण उपयोग झाला नाही. मग नाशिकहून प्रयोगशाळेतल्या मॅडम आल्या. पान उजेडात धरून म्हणाल्या, "जस्ताची कमतरता असती तर शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या दिसल्या असत्या. इथे डाग जुळत नाहीत."

काल अहवाल आला. ग्रीनिंग. जिवाणूंचा रोग, त्याला औषध नाही. एक बारीक किडा तो पसरवतो, आणि कलमासाठी काढलेल्या डोळ्यातून, फांदीवरच्या त्या इवल्या कोंबातूनही, हा रोग नव्या रोपात जातो.

डोळ्यातून, तात्या! नात्यातली प्रत्येक मुलगी सासरी निघाली की तुम्ही थोरलीचा डोळा भरलेलं रोप तिच्या हाती द्यायचात. कधीपासून होता हा रोग तिच्यात? तुम्ही तर रोज तिच्याखाली बसायचात, तुम्हालाही दिसला नाही?

आज आई म्हणाली, "एक डोळा तरी ठेव गं. त्यांच्या हातचं दुसरं काय राहिलंय?" मला नाही म्हणवलं नाही. सगळ्यात हिरवीगार डहाळी कापून ओल्या फडक्यात गुंडाळली. ती आता समोर आहे. किती निरोगी दिसतेय! मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "दिसणारच. लक्षणं उमटायला वर्षंही जातात." हिचाच डोळा मी उद्या नव्या रोपाच्या खुंटावर बांधणार होते ना!

रागावू नका. ही डहाळी मी आईसमोरच चुलीत घालेन. आणि जिथे जिथे तुमचं रोप गेलं, तिथे जाऊन पानं उजेडात धरून बघेन. आधी घोटीला, कमलआत्याकडे. तिच्या दारातली मोसंबी म्हणजे तिचं माहेर. तिला काय सांगू?

पण सांगेन. वचन देते.

उद्यापासून मी कुणाची धाकटी, तात्या?

तुमची,
धाकटी