आज शाळा भरणार नाही

१० नोव्हेंबर, सोमवार

आज शाळा भरली नाही. मेसेज पावणेनऊला. रेवूच्या एका पायात बूट, दुसरा माझ्या हातात. "आज शाळा भरणार नाही. पालकांनी सहकार्य करावे." खाली जोडलेले हात. सहकार्य करायला घरात मी एकटाच. व. (बायको) सातच्या एस.टी.नं जिंतूरकडं गेलेली. तिकडं उपकेंद्रावर नर्स, तीही कंत्राटी. बायकोला म्हणावं तरी कसं, की आज तू थांब. मग पोरीला घेऊन मीच फोटो स्टुडिओत, कामावर.

गाडीवर पुढं उभी राहून रेवू विचारते, "पप्पा, शाळेत पाणी आलं नव्हतं का?"

कळायला मला वसमत रोडपर्यंतचा रस्ता लागला. आमच्या घरात भरायचं म्हणजे पाणी. नळ आला की टाकी भरली, नाही आला की नाही भरली. साडेतीन वर्षांच्या अकलेनं शाळेचंही तेच.

हसलो. मग दिवसभर डोक्यात तेच. शाळा नेमकी कशानं भरते?

१२ नोव्हें.

भरली. नऊ ते चार, डबा आणि दुपारची झोप तिथंच. आमच्या बाजूला अशी दुसरी शाळा नाही, म्हणून तर हे सोसायचं.

आज कॉम्प्युटरवर एका जोडप्याला बर्फात उभं केलं. लग्न पेडगावात झालेलं, मंडपामागं कडब्याची गंजी स्पष्ट दिसते. ती काढली आणि डोंगर टाकले. नवरीचे मोकळे केस माउसनं कापून काढायला दीड तास गेला. मोकळे केस हे अल्बमवाल्याचं मागच्या जन्मीचं पाप. नंतर वर ढग सोडले. स.भाई (मालक, सलीमभाई) मागं उभे राहून म्हणाले, "सोपान, तेरे ढग अच्छे रहते."

पुण्यात चार वर्षं हेच केलं. बनी तो बनी, नहीं तो परभणी. परत आलो. येताना ढग तेवढे आणले.

तिच्या जागेवर, टेबलाखाली, दोनदा बघितलं. रेवू शाळेत आहे हे विसरलो होतो.

१४ नोव्हें., शुक्र.

"बालदिनानिमित्त आज शाळा भरणार नाही."

बालकांचा दिवस, म्हणून बालकं बापाच्या गळ्यात. व.ला फोनवर वाचून दाखवलं. आधी हसली, मग, "ग्रुपवर काही लिहू नका हं." लिहून खोडलं होतं आधीच. दोनदा.

१८ नोव्हें.

दुसरी सोय बघायला निघालो. अंगणवाडी गल्लीतच. सेविकाताई सरळ बोलल्या. "दादा, मी आज हितं हाय, उद्या सर्वेला, परवा मीटिंगला. आन दुपारी तर लेकरं सोडावीच लागत्यात." बाई खोटं बोलली असती तर भांडलो तरी असतो.

स्टेशनकडं एक बाई घरी लेकरं सांभाळतात. एका खोलीत लेकरंच लेकरं आणि भिंतीला टीव्ही. रेवू जाऊन त्यांच्यात बसली, वळून बघितलंसुद्धा नाही. मला बरं वाटायला पाहिजे होतं. राग आला. पण जागाच नव्हती, "जूनमधी या" म्हणाल्या. सुटल्यासारखं वाटलं. कशातून सुटलो ते काही सांगता येत नाही, कारण उद्याचा प्रश्न तसाच.

घरमालकीणबाई जिन्यात. "ठिवा की गावाकडं आजीजवळ. गड्यामाणसाला हे जमतंय व्हय?"

जमतंय. रोज जमवायलोय.

२१ नोव्हें.

शाळा नाही. कारण : शाळेतल्या मावशीची लेक बाळंत झाली. मुलगी झाली म्हणे. अभिनंदन.

दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं. मागचा रंगवलेला पडदा खाली जमिनीवर पसरेपर्यंत सोडलेला : तळं, कमळं, पलीकडं झाडं. रेवू त्यावर जाऊन झोपली, बरोबर तळ्यात. एक हात कमळावर. वरच्या काचेतून ऊन येत होतं आणि त्यात धूळ हळूहळू खाली येत होती. मी किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक. मग फोटो काढला. एक आजोबा पासपोर्ट फोटोला आले, तिला बघून चपला बाहेर काढल्या आणि हळू आवाजात म्हणाले, "मी नंतर येतो."

संध्याकाळी तो फोटो उगीच कापून काढला. लेकराचे केस कापायला सोपे, फार नाहीतच. चालू अल्बममधल्या ढगावर ठेवून बघितली. फार छान झोपली तिथं. मग तिचा थर (लेयर) बंद केला, म्हणजे छपाईत येणार नाही.

२५ नोव्हें.

पहाटे स्वप्न. शाळा काठोकाठ भरलेली, पाण्यानं. लेकरं दप्तरासकट आत पोहायलीत, कुणी रडत नाही. मॅडम खिडकीतून हात जोडून म्हणतात, सहकार्य करावे. मी दाराशी उभा. आत जायला जागा नाही.

उठलो तर खरंच नळ आला होता. पळालो.

२८ नोव्हें., शुक्र.

लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

थर बंद केलाच नव्हता.

जिंतूरच्या व्यापाऱ्याच्या मुलीचा अल्बम छापून आला. तिचे वडील, काका, मामा न्यायला आलेले. बारावं पान उलटलं. नवरा-नवरी डोंगरावर हातात हात घालून, आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर ढगात माझी पोरगी गाढ झोपलेली.

वडिलांनी पान उजेडाकडं धरलं. मग काका, "हे कुणाचं लेकरू?" मग वडील, एकदम हळू आवाजात, "लगीन होऊन महिना न्हाई झाला. आन अल्बमात लेकरू? पावन्यांनी बघितलं तर काय म्हनतील?"

मामाला हसू आवरेना. तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. नवरीच्या बापाची मान मात्र लाल झालेली. मी म्हटलं, माझी मुलगी आहे, चूक माझी. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी खाली ढगांकडं बघितलं. त्या पानावरचे ढग खरंच चांगले झालेत.

पान पुन्हा छापायचं ठरलं. ते गेल्यावर स.भाईंनी चहा मागवला. म्हणजे गोष्ट गंभीर. "देख सोपान, बच्ची मेरी बी है. लेकिन सीझन है. गिऱ्हाईक बोलते, स्टुडिओ है का बालवाडी." कॉम्प्युटर घरी नेऊ द्या, म्हटलं. "गिऱ्हाईक सामने बैठ के फोटो चुनते. तेरे घर में आके चुनेंगे क्या?" सोमवारपासून ये तो अकेला. नाहीतर नांदेडचा एक पोरगा कामासाठी विचारायलाय, म्हणाले.

ओरडले असते तर बरं झालं असतं.

३० नोव्हें., रवि., पोखर्णी

आईकडं. तिला सगळं आधीच माहीत. व.नं फोन केला असणार.

"शाळा आन काय लावलंय एवढ्याशा लेकराला. हितं ठिव. जूनपस्तोर माझ्याजवळ ऱ्हाऊ दे."

रेवू शेळीच्या पिल्लामागं दिवसभर. तुरीत शिरली, दोन ओळींमध्ये नुसते तुरीचे शेंडे हलताना दिसायचे आणि त्यावरून ओळखायचं की पोरगी इथं आहे, आता तिथं आहे. मी बांधावर बसून हलणाऱ्या तुरीकडं बघत होतो. जूनपर्यंत. मोजले नाहीत महिने.

नको म्हणालो. शाळेला एक संधी देऊ. आई : "तू काय मालक हाईस का शाळेचा, संधी द्यायला."

३ डिसें.

सोम, मंगळ, बुध. तिन्ही दिवस भरली. जीव मुठीत धरून रोज पावणेनऊपर्यंत फोनकडं बघायचं. नऊ वाजले की श्वास सोडायचा.

आज चारला मुद्दाम मॅडमशी बोलायला थांबलो. ओठांवर सगळं तयार. फी, वेळ, शिस्त, जबाबदारी. त्या म्हणाल्या, "वर या." शाळा खाली, त्या वर राहतात. वर खाटेवर त्यांच्या सासूबाई. अर्धं अंग गेलेलं. मॅडम त्यांना कुशीवर वळवत वळवत माझ्याशी बोलल्या. "रात्रीतून कधी त्रास झाला की सकाळी मी खाली येऊ शकत नाही. मावशी एकटी वीस लेकरं कशी बघेल? यांना कुणाजवळ ठेवावं, अशी जागा मला तरी कुठं आहे हो?"

मग खरं कारण का लिहीत नाही, विचारलं. म्हणाल्या, "घरात आजारी माणूस आहे कळलं की कोण लेकरू पाठवतं?"

म्हणजे बालदिनही तेच.

तयार केलेलं सगळं तसंच घेऊन खाली उतरलो. आता चिडायचं तरी कुणावर? फार गैरसोय झाली माझी.

५ डिसें., शुक्र.

गेटला कुलूप. मेसेज आम्ही पोचल्यावर आला. या वेळी कारण नाही, नुसते हात.

रेवूनं पाण्याची बाटली काढली, दातानं टोपण उघडलं आणि गजांतून हात घालून आतल्या पायरीवर पाणी ओतायला लागली. विचारलं, काय करतीस?

"भरू दे ना."

अडवलं नाही. पाणी दोन फरशा भिजवून थांबलं. ती बाटली उलटी धरून शेवटच्या थेंबापर्यंत थांबली. धुक्यात रस्ता अजून पांढरा होता आणि त्या बंद गेटपुढं आम्ही दोघं. जगात तेवढंच. मला तिथून हलूच नये असं वाटलं. आणि त्याच वेळी स्टुडिओत दहाला एक पार्टी अल्बम बघायला येणार होती.

स.भाईंना फोन केला, आज येत नाही. ते म्हणाले, "सोमवार, सोपान. आखरी."

७ डिसें., रवि.

ठेवून आलो.

पिशवीत चार फ्रॉक, स्वेटर, टोपी, तिची वाटी. ती रडली नाही. पिल्लाला घास भरवत होती. मी गाडी सुरू केली, बंद केली, परत सुरू केली. आई, "जा रे आता, तूच लेकरावानी करायलास."

येताना व. मागं बसलेली. पोखर्णी मागं पडली. मग पाठीशी बोलली, "तुम्ही तिला दिवसभर बघता. मी जाते तेव्हा ती झोपलेली, येते तेव्हा पेंगुळलेली. मला तर ती झोपलेलीच भेटते. आता तेही नाही."

मला वाटलं होतं पोरगी फक्त माझीच गेली. लाज वाटली. गाडी बाजूला घेतली. दोघं कापसाच्या रानाशी थोडा वेळ नुसते उभे राहिलो.

१० डिसें.

तीन दिवसांत अडीच अल्बम. स.भाई खूश. मला माझाच राग, की इतकं काम होतं म्हणजे काय.

दुपारी व्हिडिओ कॉल. फोन आईच्या हातात, त्यामुळं अर्धा वेळ पत्रे आणि आभाळ. मग रेवूचं नाक. येतीस का घरी?

"मी न्हाई येत. हितं लय काम हाय."

आई हसली, मीही हसलो. फोन ठेवला. तिच्या तोंडी 'न्हाई' यायला तीन दिवस लागले. माझ्या तोंडातून पुण्यात ते जायला चार वर्षं लागली होती.

१३ डिसें., शनि.

ग्रुपवर मॅडम : नवीन बाई आल्यात, सोमवारपासून शाळा नियमित भरेल. हात जोडलेले नाहीत. हे चांगलं लक्षण की वाईट?

व. : "जाऊ उद्या. आणू तिला."
मी : आणि परत नाही भरली तर?
व. : "तेव्हा बघू."
तेव्हा बघायला मीच असतो, हे बोललो नाही. आणायची घाई मला तिच्याहून जास्त. भीतीही.

१४ डिसें., रवि., पोखर्णी

अकराला पोचलो. रेवू अंगणात पिल्लाची दोरी धरून. गाल वाऱ्यानं उललेले, त्यावर आईनं साय चोळलेली. पळत येईल म्हणून मी गाडीवरून आधीच हात पसरलेले. आली नाही. उभी राहून आधी माझ्याकडं बघितलं, मग व.च्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडं.

"पप्पा, न्यायला आलाव?"

हो म्हणालो.

"मंग परत कवा सोडायचं?"

रडून नाही. हट्टानंही नाही. पुढची बस कधी आहे विचारावं तसं.

व. खालीच बसली आणि तिनं रेवूला कुशीत घेतलं. रेवूनं दोरी सोडली नाही. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. कधीच नाही, असं म्हणायचं होतं, पण ते माझ्या हातात नाही आणि पोरीला ते कळलेलं आहे. आईनं, "आदी जेवून घ्या," म्हणून वेळ निभावून नेली.

आता चार वाजलेत. ओट्यावर बसून लिहितोय. आत व. फ्रॉक घड्या घालून पिशवीत ठेवते, आई बोलता बोलता त्यातला एखादा काढून बाजूला ठेवते. रेवू माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपलीय. पाय बधिर झालाय, हलवत नाही. ऊन उतरायलंय. धुकं पडायच्या आत निघावं लागेल, निघायचं असेल तर.