कठड्याच्या अलीकडे

मोंटाना, ४ मार्च २०१४

प्रिय लीटास, अ. उ. आ.

जोझीच्या ताब्याचं प्रकरण अठराला निघतंय हे कळलं. घाबरू नकोस, वेडाबाई. पोर तुझी आहे, सरकारची नाही! न्यायाधीशापुढचा लाकडी कठडा मात्र ओलांडू नकोस. त्याच्या फाटकातून पाऊल आत टाकलंस की त्यांची सत्ता मानलीस. पुकारा झाला तरी ‘हजर’ म्हणू नकोस. वकील तर नकोच. तो त्यांचंच मीठ खातो. सरकारची सत्ता न मानणाऱ्या आमच्या चाळीस माणसांना दर गुरुवारी मी हेच शिकवतो. ठाम राहा, ते घाबरून प्रकरण काढून टाकतील.

माया आहेच, ती वाढो.
तुझा दादा ऑरिन

२० मार्च

ती. दादास, सा. न.

तू सांगितलंस तशीच कठड्याशी उभी राहिले. तीनदा पुकारा झाला. मी म्हणाले, तुमचा अधिकार मला मान्य नाही. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, चार पावलं पुढे या हो, मला तुमचं ऐकायचंय. दोनदा म्हणाल्या. मी हलले नाही. मग आई गैरहजर अशी नोंद झाली आणि जोझी तिच्या बापाकडे, डेलकडे गेली. मला शनिवारचा एक तास, तोही देखरेखीखाली.

दादा, माझं कुठे चुकलं? आवाज कापत होता, तेवढंच आठवतं.

तुझी लीटा

२६ मार्च

प्रिय लीटास, अ. उ. आ.

आवाज कापला, तिथेच फसलीस. हे येरागबाळ्याचं काम नव्हे. नंबराच्या पाटीविना ट्रक चालवल्याचं माझं प्रकरण दोन एप्रिलला आहे. तू येऊ नकोस, उगाच तुझा दिवस मोडेल.

ऑरिन

६ एप्रिल

दादा,

मी आले होते. शिकावं म्हणून मागच्या बाकावर बसले. इस्त्रीचा कोट घालून, वकिलाच्या मागोमाग तू फाटकातून आत गेलास. पहिल्याच पुकाऱ्याला म्हणालास, हजर आहे, साहेब. गुन्हा कबूल केलास, मान खाली घातलीस आणि जेवायच्या वेळेला घरी गेलास.

भ्यालास, याचा राग नाही. मीही भ्याले होते. पण ज्या पाण्यात स्वतः घोटाभरही उतरायची छाती नव्हती, त्यात बहिणीला ढकललंस आणि वर म्हणालास, हिला पोहता येत नाही! कुठल्या स्वातंत्र्याची ही शिकवण, जिची किंमत नेहमी ऐकणाऱ्यानेच मोजायची?

काल जोझीने विचारलं, आई, तुला बोलावत होते आणि तू चार पावलंही आली नाहीस, असं बाबा म्हणतात, खरं का? मी हो म्हणाले. तिने हातातलं बिस्किट पुन्हा बशीत ठेवलं. पुढचा सगळा तास ती देखरेखवाल्या बाईंशीच बोलत होती.

मी वकील केला आहे. फेरसुनावणी तेवीस तारखेला. त्या दिवशी ये आणि शपथेवर सांग की मला कठड्याशी तू थांबवलंस. तुझ्या चाळीस माणसांना कळेल, हे मला ठाऊक आहे. तरीही ये.

लोभ मागत नाही. साक्ष मागते.

लीटा