चार सेलांचा नेम

शिरपूर (जैन), जि. अकोला
२७ ऑगस्ट १९७८

चि. पूनमचंद यास,

जय जिनेंद्र आणि आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल, माझा घसा सोडून.

घसा बसला तो तुझ्यामुळे. तू बाबूजींना ऐकू येण्यासाठी बनवलेली डबी बंद असली की सगळं ओरडून सांगावं लागतं. परवा मी त्यांना एवढंच विचारलं, पोट साफ झालं का, तर समोरच्या दुकानातून लखीरामने उत्तर दिलं, "झालं असंन, मघाच तर तांब्या घेऊन गेले होते." अशा गावात अब्रू ठेवावी तरी कुठे?

मुद्द्याचं लिहितो. चातुर्मासाचा नेम म्हणून बाबूजींनी महाराजांपुढे सांगितलं, महिन्याला चारच सेल, पाचवा नाही. पहिल्या महिन्यात डबीने अर्ध्यातच मान टाकली. तेच सेल तुझ्या वहिनीने टॉर्चमध्ये घातले, तर लख्ख उजेड. बाबूजी म्हणाले, "उजेड पडून राह्यला न? मंग सेल मेला कसा? डबी खोटं बोलते." वहिनी म्हणाली, "भाऊजींची डबी सरकारी बाबूवानी हाये. काम रायलं तं रायलं, पाच वाजले की उठली."

तू मागे लिहिलेलं मी पुन्हा वाचलं. डबीला तीन व्होल्ट लागतात, आणि विजेची धार एकसारखी ठेवणाऱ्या रेग्युलेटरला त्यावर आणखी दोन शिल्लक हवेत. चार सेल मिळून पाचाच्या खाली उतरले की खेळ बंद. गल्ल्यात वर दोन रुपये दिसल्याशिवाय हात न हलवणारा मुनीमच तो. नव्या जातीचा रेग्युलेटर म्हणे आठ आण्यांत, म्हणजे अर्ध्या व्होल्टात भागवतो, सेल पार निथळून घेतो, आणि त्याचा नमुना तुमच्या कारखान्यात आलाय. तो रजिस्टरने पाठव, असं लिहायला बसलो होतो.

पण या महिन्यात डबी धडधाकट आहे, आणि तरी मी ओरडतोय. बाबूजी ती लावतच नाहीत. वाटलं, प्रवचनासाठी राखतात. तिथेही बंद, नुसते महाराजांच्या ओठांकडे बघत बसतात.

मग लक्षात आलं. संध्याकाळी मालेगावहून एसटी यायच्या सुमारास ते ओट्यावर येतात, बोंडी कानात घालतात, बटण फिरवतात. माणसं उतरतात, आपापल्या वाटेने जातात. गाडी गेली की बटण बंद. कोणाची वाट बघता, हे ओरडून विचारण्यासारखं नव्हतं.

दुकान सोडून गेलास त्या दिवशी तू आणि बाबूजी एकमेकांना जे बोललात, ते ऐकताना त्यांचे कान ठणठणीत होते, हे दुर्दैव.

तेव्हा पुर्जा पोस्टाने नको. इथे तो बसवणार कोण? लखीराम कथलाचा डाग देतो, पण घागरीला.

दर पत्राच्या शेवटी तू लिहितोस, बाबूजींना नमस्कार. तो मी आजवर एकदाही पोचवला नाही. नमस्कार ओरडून सांगितला की भांडण वाटतं. आज गाडी आली तेव्हा त्यांच्या शेजारी बसलो आणि साध्या आवाजात सांगितलं, पूनमने नमस्कार लिहिलाय.

"हव," म्हणाले.

गाडी रिसोडकडे निघून गेली. बटणाकडे हात गेला नाही. मग म्हणाले, "आनखी काय लिवते तो?"

मी तुझी मागची सगळी पत्रं आणली आणि वाचत बसलो. हळू आवाजात.

नमस्कार पोचला, एवढं कळवतो.

तुझा मोठा भाऊ,
गुलाबचंद