भोपळ्याविरुद्ध प्रकाशाची संध्याकाळ

२२ ऑक्टोबर
समोरच्या दातांच्या डॉक्टरबाईंनी दारात कोरलेला भोपळा ठेवलाय. आत मेणबत्ती. शिवाय बिल्डिंगमधल्या पोरांना हॅलोविनचं आमंत्रण. ख्रिस्ती घरासमोर हे मूर्तिपूजकांचं खूळ! लेकीला (वय नऊ) ठणकावून सांगितलं, जायचं नाही. तिनं माझ्याशी बोलणंच बंद केलं. उद्यापर्यंत निवळेल. मुलांना खंबीर बाप आवडतो.

२४ ऑक्टोबर
निवळलं नाही. मीठसुद्धा आईमार्फत मागते.
अशा प्रथांवर माझा अभ्यास जोरात. वारांची नावं, ख्रिसमस ट्री, लग्नातली अंगठी, सगळंच मूर्तिपूजकांचं निघतंय. हिला म्हटलं, अंगठ्या काढू या. ही म्हणाली, खुशाल काढा, परत घालायची की नाही ते मी बघते. अंगठीचा विषय तूर्त बाजूला.

२६ ऑक्टोबर, रविवार
पाळकसाहेबांना म्हटलं, उपदेशात भोपळ्याचा समाचार घ्या. ते म्हणाले, पोरांना नुसतं नको-नको म्हणून भागत नाही, त्याऐवजी काय देणार? तिथल्या तिथे सुचलं! ३१ तारखेलाच, चर्चच्या हॉलमध्ये 'प्रकाशाची संध्याकाळ'. वेशभूषा, पण फक्त बायबलमधली. संडे स्कूलचा प्रमुख मी, म्हणजे आयोजकही मीच. कोणी काय व्हायचं ते ठरवून द्या, असं पाळकसाहेब म्हणत होते. कशाला? पवित्र शास्त्रातलं सगळं पवित्रच.

२९ ऑक्टोबर
लेकीनं बायबल मागितलं (आईमार्फत). तासभर त्यातलं शमुवेलाचं पुस्तक वाचत बसली. माझे डोळे भरून आले. शुक्रवारी आपणहून 'बाबा' म्हणणार, लिहून ठेवतो. घर कसं सुनं सुनं झालंय आठवडाभर.

३१ ऑक्टोबर, संध्या. ५
हॉल तयार. मेंढपाळ आणि देवदूतांसाठी पांढरे फुगे, ऐंशी. फुगवून जबडा दुखतोय.

३१ ऑक्टोबर, संध्या. ७
एकही मेंढपाळ नाही. पहिला आला दाविदानं मारलेला राक्षस गल्याथ, स्वतःचं मुंडकं काखेत. मग कबरेतून उठलेला लाजर, नखशिखांत बँडेज. मग राजानं शिरच्छेद केलेला बाप्तिस्मा करणारा योहान, मुंडकं ताटात, भोवती केचप. मग साखळ्या ओढत भूतग्रस्त. शेवटी लेक. काळा झगा, पिंजारलेले केस. मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याचं भूत राजासाठी वर बोलावणारी एन-दोरची बाई! म्हटलं, हे काय? तिनं बायबल उघडून ओळीवर बोट ठेवलं.
बालवर्गानं भोकाड पसरलं. आया पोरं उचलून सरळ डॉक्टरबाईंकडे गेल्या. तिकडे कमी भीती वाटते म्हणे!

१ नोव्हेंबर
कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. काल रिकाम्या हॉलमध्ये लेकीनं माझं बोट धरलं आणि म्हणाली, बाबा, आपण पण जाऊ या ना. नऊ दिवसांनी बाबा! पाय आपोआप निघाले. फक्त पाहणी करायला, असं मनाशी पक्कं केलं होतं.
अंगात काळा कोट, काखेत बायबल, कपाळाला आठ्या. डॉक्टरबाईंनी कौतुकानं विचारलं, तुझे बाबा कोण झालेत? लेक म्हणाली, परूशी. बाईंना कळेना, तर तिनं समजावलं की तो दिवसभर सगळ्यांना नियम सांगत हिंडतो आणि मग येशू त्याला रागावतो.
मी कोणीच झालेलो नाही, असं म्हणणार होतो. पण सगळ्यांना ते इतकं पटलं की वेशभूषेचं पहिलं बक्षीस मलाच मिळालं.