काचेची पट्टी

प्रिय मावशी,

डोक्यावर हेल्मेट, मांडीवर फाइल आणि त्यावर हा कागद, तेव्हा अक्षराला हसू नकोस. फोनवर भूकंपाचं नाव काढलं की तू "बरं, ठेवते" म्हणतेस, म्हणून पत्र. आई सांगत होती, तू अजून आमच्याकडे दाराजवळच्या सोफ्यावर चपला घालूनच झोपतेस. घरी जायचा विषय निघाला की तुला तुझ्या स्वयंपाकघराच्या दारावरच्या भिंतीतली ती भेग आठवते आणि तू फडकं घेऊन ओटा पुसायला लागतेस.

मला इथे जाम मजा येतेय. पडझड झालेल्या ठिकाणी मजा कसली, असं म्हणशील. अगं, पण लोक आपापल्या घरात परत जाताना बघायला मिळतं ना! आमची कॉलेजची टीम सध्या तुझ्याच गल्ल्यांमधून फिरतेय. आधी कॉलम आणि बीम, म्हणजे घर पेलणारे खांब आणि तुळया, तपासायचे, मग भिंतीतल्या भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करायची. भेग वाढली तर काच तडकते. तू म्हणायचीस, एवढं शिकून भिंतींचे फोटो काढणार का? हो, तेही काढते. ढिगाने.

परवा तर धमाल झाली. तुझ्या कोपऱ्यावरच्या सलूनमधली पट्टी सकाळी तुटलेली दिसली. आमच्या सरांनी लगेच दुकान रिकामं करायला लावलं. अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक गालाला फेस घेऊन रस्त्यावर उभं, मी धावत दोरी बांधतेय, आमच्या टीममधला लंबू पटापट फोटो काढतोय. सलूनवाले काका मात्र निवांत. म्हणाले, "ती पट्टी होय? रोज आरशांबरोबर मीच पुसतो. आज जरा जोर लागला." सर इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. दाढीवाल्याला बाकी हसू आलं नाही.

आता खरं सांगते. आईकडून तुझी किल्ली मागून घेतली होती. इथे आले त्याच दिवशी तुझ्या त्या भेगेवरही पट्टी लावली. तुझ्या शिलाई मशीनच्या सुईखाली पिवळा फ्रॉक अजून तसाच अर्धा आहे. त्यानंतर दोनदा छोटे धक्के बसले, पण पट्टीवर साधा चरा नाही. तरी मी सरांना घेऊन गेले. त्यांनी सगळे कॉलम स्वतः तपासले आणि म्हणाले, "भिंत घाबरली होती, घर नाही." तुझ्या शिवणक्लासच्या मुली मला रस्त्यात अडवून विचारतात, मॅडम कधी येणार? मी परस्पर सांगून टाकलंय, सोमवारी. रविवारी तुला न्यायला येतेय. पहिल्या रात्री मी तुझ्याशेजारीच झोपेन. तू हवं तर चपला घालून झोप. पट्टी मुद्दाम काढली नाही, रोज उठून तूच बघ. फक्त तुझा स्वच्छतेचा झटका मला माहितेय, मावशी. त्या काचेला फडकं लावायचं नाही.

तुझीच, हेल्मेटवाली
टकळी