चिमट्यातलं बोट

३ नोव्हेंबर
आज लेकीकडे कायमचा राहायला आलो. खोली ऐसपैस, खिडकीत ऊन, गादी इतकी मऊ की उठायला कुणाला तरी हाक मारावी लागते. उशा जावयाने स्वतः लावल्या. आयत्या बिळावर नागोबा झालो म्हटलं, तर लेक रागावली. माझी फुप्फुसं थकलीत, म्हणून डॉक्टरीणबाईंचा हुकूम: रात्रभर नाकात ऑक्सिजनची नळी आणि बोटाला चिमटा. चिमटा रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी मोजतो, सगळी रात्र लेकीच्या फोनवर आलेखात उतरवतो. सकाळी मी आकडा या वहीत लिहायचा. एकतीस वर्षं वजनकाट्यावर ट्रकांची वजनं लिहिली, आता स्वतःचं लिहायचं.

५ नोव्हेंबर
सरासरी ८९. तुमच्यासाठी हे ठीकच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण ऑक्सिजनचं मशीन रात्रभर घरघरतं. भिंतीपलीकडे नात झोपते, तिची परीक्षा चालू आहे. सकाळी तिने कानातले कापसाचे बोळे काढून दाखवले आणि हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मशीन सुटावं, बाकी काही नको.

९ नोव्हेंबर
गंमतच. रात्री तीन ते सव्वातीन आकडा ९८, नाडी ४०. माझी नाडी झोपेतही नव्वदीखाली येत नाही. काट्यावर ही लबाडी मी शंभरदा पकडली आहे. माल जास्त दिसावा म्हणून ड्रायव्हर गुपचूप काट्याच्या पत्र्यावर येऊन उभा राहायचा. आकडा बघूनच मला कळायचं, यात दुसरं कुणीतरी आहे. पण सरासरी वाढली म्हणून लेक इतकी हरखली, की बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१४ नोव्हेंबर
९८ आता दोन ते पाच. सरासरी ९४. सकाळी चिमटा माझ्याच बोटात असतो, फक्त आतून गार आणि ओलसर. डॉक्टरीणबाईंनी मशीन बंद करून बघायला सांगितलं. लेक आनंदाने रडली, नातीने बोळे फेकून दिले. मला आंघोळीनंतर टॉवेल पिळवत नाही. सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. भीती वाटायला हवी. वाटत नाही, नुसता बधिरपणा आहे.

१६ नोव्हेंबर
भाड्याचं मशीन दुकानवाले घेऊन गेले. रात्रभर ९८. त्यात माझा एकही आकडा नाही. मग माझं बोट रात्रभर कुठे होतं?

१७ नोव्हेंबर
दिवसा चिमटा लावला. ७९. लेकीला दाखवला. बोटं गार पडली की चुकतो तो, रात्रीचा बघा ना किती छान, असं म्हणाली. तिच्या मायेत खोट नाही. ती आलेख बघते, मला बघत नाही.

१८ नोव्हेंबर
जागा राहिलो. चिमटा मुठीत घट्ट. दोन वाजता मूठ उघडली. कुणी जोर केला नाही. मीच उघडली बहुतेक. शेजारी गादी खचली. मग श्वास — माझा नाही. सावकाश, पोटभर. मला त्याचा हेवा वाटला.

१९ नोव्हेंबर
लेकीला सगळं सांगितलं. काट्याचंही. तिने डोळे पुसले. ऑक्सिजन कमी झाला की असे भास होतात म्हणे, पण बाबा, तुमचा तर उत्तम आहे. डॉक्टरीणबाईंची वेळ सोमवारची मिळाली. सोमवार —

२० नोव्हेंबर
नखं निळी. टेबलाशी बसून लिहितो, आडवं होववत नाही.
लेक आत आली. पलंगाकडे बघितलं. बाबा किती शांत झोपलेत, असं दारातल्या जावयाला हळूच म्हणाली. पांघरूण नीट केलं. मी इथे, हातभर अंतरावर — हाक मारली — श्वास पुरला नाही. दार लोटून गेली.

तो उठून बसलाय. बोटाला चिमटा. धाप नाही. वहीसाठी हात पुढे — आजचा आकडा त्याला लिहायचाय

मी दे